वसंत ऋतू आणि आर्थिक प्रगती : नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दख्खनच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने पावसाच्या अनुषंगाने झाले आहे. मृग बरसला की नाही, खरीप साधला की नाही, दुष्काळ कोणत्या साली पडला, या प्रश्नांभोवती सारा, कर्ज, स्थलांतर आणि बंडे यांचा अभ्यास फिरत राहिला. ते स्वाभाविकही होते. परंतु विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या काही भागांत शेतीच्या उत्पन्नाचा भार पावसाळ्याकडून वर्षाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे फाल्गुन-चैत्राकडे सरकला. नाशिक जिल्हा हे या स्थित्यंतराचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ज्या ऋतूत एकेकाळी शेतकऱ्याच्या घरातील कणगी रिकामी होत असे, त्याच ऋतूत आज जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांतून द्राक्षांचे कंटेनर बंदराकडे रवाना होतात.

शास्त्रानुसार चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने मानले जातात. तथापि दख्खनच्या पठारावर वैशाख हा प्रखर उन्हाळा असतो. लोकव्यवहारातील वसंत माघातील वसंतपंचमीनंतर सुरू होतो आणि चैत्री पौर्णिमेच्या आसपास संपतो. प्रस्तुत निबंधात 'वसंत' ही संज्ञा याच व्यावहारिक अर्थाने, म्हणजे स्थूलमानाने फेब्रुवारी ते एप्रिल या कालखंडासाठी, वापरली आहे.

उद्दिष्टे

१) नाशिक परिसरातील वसंत ऋतूचे पारंपरिक आर्थिक व सामाजिक स्वरूप स्पष्ट करणे.
२) सिंचन, वाहतूक आणि द्राक्षशेतीचे तंत्र यांमुळे या स्वरूपात झालेल्या बदलाचा मागोवा घेणे.
३) या प्रगतीतील लाभ आणि जोखीम यांच्या वाटणीचे परीक्षण करणे.

पारंपरिक वसंत : सण, साल आणि टंचाई

नाशिक शहराचा वसंत उत्सवांनी भरलेला आहे. धुळवडीला निघणारी वीरांची मिरवणूक आणि त्यातील बाशिंग बांधलेला दाजीबा वीर ही या शहराची खास परंपरा होय. रंग खेळण्याचा मुख्य दिवस येथे धुळवड नसून रंगपंचमी हा आहे. त्या दिवशी जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडी उघडल्या जातात. शनी चौक, तिवंधा आणि दिल्ली दरवाजा येथील या दगडी हौदांत फुलांपासून तयार केलेल्या रंगात उड्या घेण्याची प्रथा आहे. पुढे चैत्रात रामनवमी, त्यानंतरच्या एकादशीचा रथोत्सव आणि सप्तशृंगगडावरील यात्रा येते. गडाच्या यात्रेसाठी खानदेशातून हजारो भाविक पायी येतात.

या उत्सवांच्या मागे एक आर्थिक वेळापत्रकही होते. रब्बीचा गहू-हरभरा घरात येऊन खळी उरकलेली असत आणि शेतीची नवी कामे सुरू झालेली नसत. म्हणूनच हा काळ यात्रा, लग्ने आणि हिशेब यांचा होता. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरत असे, तर खानदेश आणि त्यालगतच्या भागात सालदाराचे वर्ष अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला, बदलत असे. मालक आणि गडी यांच्यातील धान्य, रोख रक्कम, कपडे आणि उचल यांचा करार याच ऋतूत होई. अशा रीतीने ग्रामीण श्रमाचे वर्ष वसंतात सुरू होत होते. १८६७ पासून सरकारचे आर्थिक वर्षही एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले. पुढे सहकारी पतपुरवठा रुजल्यावर 'मार्चअखेर' हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात सणाच्या नावाइतकाच रूढ झाला.

या वसंताला टंचाईची बाजूही होती. सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरी आणि पेठकडे, पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव या भागांत तो झपाट्याने कमी होतो. फाल्गुन सरता सरता विहिरी तळ गाठत. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत या ऋतूचे भीषण रूप दिसले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने वसंत हा मिळकतीचा नव्हे, तर साठवलेले पुरवून खाण्याचा काळ होता.

उत्सवाचा वाटा सर्वांना सारखा नव्हता, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि एप्रिलमधील रथोत्सवाच्या वेळी संघर्षाला तीव्र रूप आले. शहराच्या सर्वांत मोठ्या वासंतिक उत्सवात रथाचा दोर कोणी ओढायचा, हा त्या वेळी नागरी हक्काचा प्रश्न बनला. या लढ्याचे स्थानिक नेतृत्व करणारे दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे होते. पुढे १९५९ आणि १९६४-६५ मध्ये त्यांनीच भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मंदिराच्या दारापासून जमिनीच्या प्रश्नापर्यंतचा हा प्रवास नाशिकच्या कृषी-इतिहासाचाच एक भाग आहे. नंतरच्या बागायती समृद्धीचा विचार करताना तो दृष्टीआड करता येत नाही.

पाणी, रेल्वे आणि नवी बाजारपेठ

नाशिकच्या शेतीला मुंबईशी जोडणारा निर्णायक दुवा म्हणजे थळ घाटातून गेलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग. १८६५ मध्ये घाटमार्ग खुला झाल्यावर नाशिकचा भाजीपाला आणि फळे यांना महानगराची बाजारपेठ जवळ आली. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूरमध्यमेश्वर येथील बंधारा आणि गोदावरीचे कालवे अस्तित्वात आले, तर १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झाले. निफाड, येवला आणि पुढे कोपरगावपर्यंतच्या काळ्या जमिनींना त्यामुळे बारमाही पाणी मिळू लागले. या कालव्यांमागील शासकीय प्रेरणा मुख्यतः दुष्काळनिवारणाची होती. परंतु त्यांचा परिणाम म्हणून ऊस आणि फळबागा यांसारखी नगदी पिके उभी राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रक्रियेला वेग आला. १९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झाले. त्यानंतर पालखेड, करंजवण, वाघाड आणि ओझरखेड या प्रकल्पांनी दिंडोरी-निफाडचा पट्टा ओलिताखाली आणला. याच सुमारास शहराचे औद्योगिकीकरणही होत होते. नोटा आणि मुद्रांकांची छपाई नाशिकरोडला १९२० च्या दशकातच सुरू झाली होती. १९६४ मध्ये ओझर येथे विमान कारखाना आला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सातपूरची वसाहत विकसित केली. त्यामुळे एकाच नदीच्या पाण्यावर शहर, कारखाने आणि बागायत या तिघांचाही हक्क निर्माण झाला. या हक्कांची ओढाताण दरवर्षी वसंताच्या अखेरीसच सर्वाधिक जाणवते.

सिंचनाच्या इतिहासात वाघाड प्रकल्पाचा अनुभव विशेष उल्लेखनीय आहे. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांना पाणी पोहोचत नसल्यामुळे ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राने बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकारंभी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. पाण्याचे मोजमाप, पाळ्यांचे नियोजन आणि पट्टीची वसुली ही कामे शेतकऱ्यांनी स्वतःकडे घेतली. २००५ मध्ये महाराष्ट्रात सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांमार्फत व्यवस्थापनाचा कायदा झाला. वाघाडचा प्रयोग त्यापूर्वीच प्रत्यक्षात उभा राहिलेला होता.

छाटणीने घडविलेले ऋतुचक्र

द्राक्ष हे मूलतः समशीतोष्ण प्रदेशातील पीक. युरोपात हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जातो, वसंतात त्याला डोळे फुटतात आणि शरदात फळ येते. निसर्गाचा हा क्रम नाशकात जवळजवळ उलटा झालेला आहे. येथील हिवाळा वेलाला पूर्ण झोपविण्याइतका कडक नसल्यामुळे वेलाचे वर्ष थंडीने नव्हे, तर कात्रीने ठरविले जाते. हंगाम संपताच एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर वाढणाऱ्या काडीत पुढील वर्षाच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते. पावसाळ्यात काडी पक्व झाल्यावर ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करतात आणि त्या फुटीवर घड येतात. सुमारे चार ते साडेचार महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, माल तयार होतो. दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत दख्खनच्या द्राक्षशेतीचा पाया आहे.

या जिल्ह्यातील व्यापारी द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केला, अशी नोंद आढळते. त्या काळात भोकरी, फकडी, साहेबी अशा बियांच्या जाती प्रचलित होत्या. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेत डॉ. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीमधून निवडलेली 'चीमा साहेबी' हा या टप्प्यावरील संशोधनाचा महत्त्वाचा नमुना होय. खरे स्थित्यंतर घडविले ते 'थॉमसन सीडलेस' या बिनबियांच्या जातीने. १९६० च्या दशकारंभी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाने लागवडीचे ज्ञान गावोगाव नेले. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या पुढील जाती शेतकऱ्यांच्या बागांतील निवडीतून आल्या. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांचे नाव यांपैकी सोनाकाशी जोडलेले आहे. विद्यापीठीय संशोधन आणि बागेतील निरीक्षण यांच्यातील अंतर या पिकाच्या बाबतीत असामान्यपणे कमी राहिले.

बिनबियांच्या द्राक्षाचा मणी स्वभावतः लहान असतो. जपानमध्ये भाताच्या रोगाचा अभ्यास करताना १९२६ मध्ये कुरोसावा यांच्या संशोधनातून ज्या द्रव्याचा मागोवा सुरू झाला, त्याचेच पुढील रूप म्हणजे जिबरेलिक आम्ल. या द्रावणात घड बुडविण्याच्या 'डिपिंग'मुळे मणी लांब आणि टपोरा होऊ लागला. सर्व डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून गोडी छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावले जाऊ लागले. १९८० नंतर ठिबक सिंचन पसरले आणि १९९० च्या दशकात अवर्षण व खारपणा सोसणाऱ्या 'डॉगरिज' खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत रूढ झाली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले.

या सर्व तंत्राचा एकत्रित अर्थ असा की, वेलाला फुटण्यासाठी लागणारा वसंत शेतकऱ्याने आश्विन-कार्तिकात निर्माण केला आणि पंचांगातील वसंत सुगीसाठी मोकळा ठेवला. बागलाण, कळवण, देवळा या भागांतील शेतकरी तर आणखी आधी, जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी घेऊन डिसेंबर-जानेवारीत माल बाजारात आणतात. लवकर आलेल्या मालाला भाव चांगला मिळतो, मात्र फुलोऱ्यातील बाग पावसात सापडल्यास केवडा आणि करपा हे रोग तिचा घास घेतात. ऋतू पुढे-मागे करण्याचे सामर्थ्य आणि त्यासाठी पत्करावी लागणारी जोखीम या गोष्टी येथे बरोबरच वाढल्या आहेत.

फाल्गुनातील परदेशी बाजार

दक्षिण गोलार्धातील चिली आणि दक्षिण आफ्रिका यांचा हंगाम ओसरत असताना आणि इजिप्तसारख्या भूमध्य सागरी देशांचा माल येण्यापूर्वी युरोपच्या बाजारात काही आठवड्यांची फट असते. नाशिकचे द्राक्ष नेमके त्या फटीत पोहोचते. १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील बंदर सुरू झाले आणि १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी 'महाग्रेप्स' ही निर्यातसंस्था उभारली. पूर्वशीतकरण, शीतगृह आणि प्रशीतित कंटेनर ही साखळी जोडली गेल्यावर फाल्गुनातील घड तीन-चार आठवड्यांनी युरोपातील दुकानात ताजा पोहोचू लागला. २०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे ३.४४ लाख टन द्राक्षांची निर्यात झाली आणि तिचे मूल्य सुमारे ३,४६० कोटी रुपये होते. या निर्यातीत महाराष्ट्राचा आणि त्यातही नाशिकचा वाटा सर्वांत मोठा आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइन उद्योगही वाढला. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीने लहान बागाईतदारांना निर्यातीशी थेट जोडण्याचा नवा मार्ग दाखविला.

परदेशी बाजाराने आपली शिस्तही लादली. रसायनांचे उर्वरित अंश तपासण्यासाठी २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही बागनिहाय नोंदणीची व्यवस्था सुरू झाली. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपीय बाजारात अडकली आणि निर्यातदारांसह उत्पादकही अडचणीत आले. ज्या द्रव्याची तपासणी तोवर होत नव्हती, त्याच्यामुळे संपूर्ण हंगाम धोक्यात येऊ शकतो, हा त्या वर्षाचा धडा होता.

हवामानाची अनिश्चितता याहून मोठी आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरातील बागांवर गारा कोसळल्या. कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक गेले तर बियाणे आणि काही महिन्यांची मेहनत जाते. द्राक्षबागाईतदाराचे पीक जाते तेव्हा वर्षभराचा औषधे, खते, मजुरी यांवरील खर्च आणि मांडवाच्या लोखंडी सांगाड्यासाठी घेतलेले कर्ज अंगावर राहते. नेमकी त्याच वेळी मार्चअखेरही येते. २५ मार्च २०२० रोजी, गुढीपाडव्याच्याच दिवशी, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा बागांमध्ये घड तयार होते. वसंतात एकवटलेले उत्पन्न किती नाजूक असते, याचा प्रत्यय त्या दिवसांत आला.

एक तुलना : मेइजी जपानचा रेशीमहंगाम

ऋतूला वळविण्याचा हा प्रयत्न केवळ नाशिकचा नाही. आधुनिकतेच्या वाटेवरील जपानने १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली. त्याच काळात रेशीम हे त्याच्या परकीय चलनाचे मुख्य साधन होते. रेशीमकिड्यांचे संगोपन पूर्वी मुख्यतः वसंतात, तुतीला पालवी फुटली की होत असे. नागानो प्रांतात डोंगरातील थंड वाऱ्याच्या कपारींत अंडी साठवून त्यांचे उबणे लांबविण्यात आले आणि उन्हाळी व शरदातील पिके शक्य झाली. जपानने वसंत लांबविला, नाशिकने तो अलीकडे आणला. दोन्हीकडे वाढलेल्या उत्पादनामागे ग्रामीण स्त्रियांचे श्रम होते आणि दोन्हीकडे दूरच्या ग्राहकाच्या पसंतीवर गावाचे भवितव्य अवलंबून राहिले. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील मंदीने रेशमाचे भाव कोसळले तेव्हा जपानी खेड्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली.

वसंताचे वाटेकरी

द्राक्षबाग हे अतिशय श्रमप्रधान पीक आहे. छाटणी, बगलफूट काढणे, शेंडा खुडणे, घडांची विरळणी, डिपिंग आणि काढणी ही सर्व कामे हाताने आणि ठरलेल्या दिवसांत करावी लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील मजुरांच्या टोळ्या भात आणि नागलीचा हंगाम उरकून दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. एकराच्या दराने उक्ते काम घेतात आणि हंगाम संपेपर्यंत तेथेच राहतात. ज्या तालुक्यांत सर्वाधिक पाऊस पडतो, तेथील लोकांना पाणी अडविलेल्या खालच्या तालुक्यांत कामासाठी यावे लागते. जिल्ह्याच्या भूगोलातील ही विसंगती त्याच्या अर्थकारणाचीही किल्ली आहे. सालगड्याचे वर्षभराचे बंधन सैल झाले आणि मजुराला दर ठरविण्याची काही मोकळीक मिळाली, हा बदल लहान नाही. मात्र सालाच्या कराराबरोबर येणारी वर्षभराची भाकरीची हमीही त्याच्या हातून गेली.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकमधून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे निघाला. तो दिवस रंगपंचमीचा होता. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार कसत्या जमिनीचा दाखला मिळावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला ते आझाद मैदानावर पोहोचले. द्राक्षांचा हंगाम भरात असतानाच हे घडले. ज्या महामार्गाने निर्यातीचा माल घाट उतरतो, त्याच महामार्गाने त्या आठवड्यात भूमिहक्काची मागणी घाट उतरली. दादासाहेब गायकवाडांनी उपस्थित केलेला जमिनीचा प्रश्न अर्ध्या शतकानंतरही सुटलेला नव्हता, हेच त्यातून दिसून येते.

निष्कर्ष

१) नाशिक जिल्ह्यात वसंत हा टंचाई आणि हिशेबाचा ऋतू होता. कालवे, रेल्वे, धरणे आणि द्राक्षशेतीचे तंत्र यांच्या संयोगाने तो मिळकतीचा ऋतू झाला. हे परिवर्तन सुमारे शंभर वर्षांत, शासन, सहकारी संघटना आणि प्रयोगशील शेतकरी यांच्या एकत्रित प्रयत्नांतून घडले.

२) ही प्रगती निसर्गाचा क्रम बदलण्यावर उभी आहे. म्हणून तिच्यातील जोखीम जुन्या दुष्काळाच्या जोखमीपेक्षा वेगळ्या स्वरूपाची आहे. गारपीट, रासायनिक अंशांचे निकष किंवा बंदरातील अडथळा यांपैकी एकही गोष्ट वर्षाचे उत्पन्न काही दिवसांत हिरावू शकते.

३) काढणी आणि खरड छाटणी या दोन्ही अवस्था विहिरी आटण्याच्या काळातच येतात. त्यामुळे पाण्याची न्याय्य वाटणी हा या अर्थव्यवस्थेचा कणा ठरतो. वाघाडच्या पाणीवापर संस्थांचे महत्त्व या दृष्टीने तांत्रिक नसून लोकशाही स्वरूपाचे आहे.

४) वसंताची समृद्धी जमीन व पाणी यांच्या मालकीनुसार वाटली गेली. १९३० चा सत्याग्रह, भूमिहीनांचे लढे आणि २०१८ चा मोर्चा हे वेगवेगळ्या काळातील आणि वेगवेगळ्या समाजघटकांचे लढे आहेत. तरीही सार्वजनिक जीवनाच्या बहरात आपलाही वाटा असावा, ही मागणी तिन्हींत समान आहे.

दर पाडव्याला बागेत खरड छाटणीची तयारी सुरू होते, तेव्हा पुढच्या फाल्गुनातील घडाचे भवितव्य ठरू लागते. त्या घडाचा भाव बाजार ठरवील. त्यातील पाण्याचा, श्रमाचा आणि जमिनीचा वाटा कोणाला किती मिळावा, हे मात्र समाजालाच ठरवावे लागेल.